विसरलो म्हणा

ते एकोणीसशे त्र्याहत्तर साल होतं, फेब्रुवारी महिना. माझं बी. कॉम.चं शेवटचं वर्ष. आदल्या पावसाळ्यात पाऊस झालाच नव्हता. वसतिगृहात मिलोची, म्हणजे अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी मिळायची, आणि नगरहून नागापूरला जाताना रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायका डोक्यावर पदर ओढून बसलेल्या दिसायच्या. त्या दुपारी नागापूरच्या एका पंपांच्या कारखान्यात, कामगार अधिकाऱ्यांच्या खोलीत, मी भिंतीकडेच्या लोखंडी खुर्चीवर बसले होते. खोलीत एका कामगाराची चौकशी सुरू होणार होती आणि मला ती नुसती बघायची होती. कामगार अधिकारी उत्तमराव कागद चाळत होते. मान वर न करता ते म्हणाले, "चांगुणा, दार लाव." एवढंच. मी उठले आणि दाराला हात लावला. दार पुढे लोटलं, कडी घातली नाही. बोटभर फट ठेवली आणि जागेवर येऊन बसले. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्या फटीतून उन्हाची एक पट्टी फरशीवर पडली होती आणि तिच्यापलीकडे चौकशीला उभा केलेला माणूस पायातली चप्पल बाहेर काढून अनवाणी उभा होता. त्याच्या चेहऱ्याकडे बघायची माझी छाती होत नव्हती. तो आमच्या गावचा होता.

आमचं गाव शिंगणापूर. तेव्हा तिथे आजच्यासारखी दुकानं नव्हती, गाड्यांची रांग नव्हती. घोडेगावला एस. टी.तून उतरायचं आणि बैलगाडी मिळाली तर मिळाली. गावात उघड्यावर चौथरा, चौथऱ्यावर शनिदेवाची काळी शिळा, आणि घरांना दारं नाहीत. चौकट असायची, पण फळी नाही, कडी नाही, कुलूप नाही. राखण देवाची, दार लावणं म्हणजे त्याच्यावर अविश्वास. कुत्री शिरू नयेत म्हणून संध्याकाळी कुडाचा झापा आडवा लावायचा. लहानपणी मला यात काहीच नवल वाटलं नव्हतं. नवल वाटायला दुसरी गावं बघावी लागतात. भीती मात्र तेव्हापासूनची. कुणी तरी हौसेनं दार बसवलं आणि आठवड्यात त्याचं काय झालं, हे बायका दळताना अर्धंच सांगायच्या. त्या माणसाचं नाव कुणी घेत नसे. नाव नसल्यामुळे तो माणूस कुणीही असू शकायचा, माझे चुलते, माझे वडील, पुढे कधी तरी मी.

नगरला शिकायला आले तेव्हा वसतिगृहात माझ्या खोलीत राजूरची साळूबाई होती. आम्ही तिला साळू म्हणायचो. डोंगरातली मुलगी, हसरी, दणकट. पहिल्याच संध्याकाळी तिनं दार लावून वरची कडी, खालची कडी आणि मध्ये अडसर घातला. मी म्हटलं, "एवढं कशाला गं?" ती म्हणाली, "आमच्याकडं बिबट्या येतो बाई. कडी घातल्याबिगर माझा डोळाच लागत न्हाई." गावाचं नाव मी सगळ्यांना सोनई सांगितलं होतं. सोनईला साखर कारखाना होणार म्हणून बोललं जायचं, त्या नावाला वजन होतं. शिंगणापूर म्हटलं की मुली विचारणार, मग तुम्ही कपडे कसे बदलता, आणि हसणार. एकदा साळू घरी गेली असताना खोलीत मी एकटी होते. बाहेर दिवेलागणीची वेळ. कडी कुणी घालायची? मी घातली. आयुष्यात पहिल्यांदा, माझ्या हातानं. लोखंड लोखंडावर सरकल्याचा तो आवाज मला पाठीच्या कण्यात ऐकू आला. त्याच आठवड्यात बाजाराला आलेल्या गावच्या माणसानं निरोप दिला, की दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्याला कडब्याचं पातं लागलं आहे. पुढे त्या डोळ्यात फूल पडलं. न राहवून साळूला गावाचं खरं नाव आणि हे सगळं सांगितलं तर ती म्हणाली, "येडी का काय! कडबा काढताना रोज कुणाला तरी लागतंय." ते खरंच होतं. पण रोज लागतंय ते त्याच आठवड्यात दादांना का लागलं, हे तिला सांगता येईना. तेव्हापासून साळू कडी घालायला उठली की मी भिंतीकडे तोंड करून पडायची. माझा हात लागला नाही म्हणजे मी सुटले, असं मनाला समजवायची. मन ऐकायचं नाही.

आणि मी शिकत काय होते, तर माणसांचं व्यवस्थापन. पर्सोनेल मॅनेजमेंट हा तेव्हा नवा विषय होता. वर्गात आम्ही थोडेच, त्यात मुलगी मी एकटी. भालसिंग सर तो शिकवायचे. पुस्तक इंग्रजी, सरांचं बोलणं नगरी मराठी. "योग्य माणूस योग्य जागी," असं म्हणून ते खडू टेबलावर आपटायचे. आमच्याकडून मुलाखतींचा सराव करून घ्यायचे. एकानं अधिकारी व्हायचं, एकानं कामगार. माझी पाळी आली की सर ओरडायचे, "चांगुणाबाई, आधी दार बंद करा! बंद दाराआड माणूस मन उघडतो. हा पहिला धडा." मुलं हसायची. मी वर्गाचं दार लोटायची आणि मागे वळले की सगळे प्रश्न डोक्यातून गेलेले असायचे. शिस्तभंगाचा धडा मात्र मला तोंडपाठ होता. कामगार चुकला तर आधी विचारायचं की तो विसरला का त्यानं ठरवून केलं. विसरला असेल तर निष्काळजीपणा, ताकीद देऊन सोडता येतं. ठरवून आज्ञा मोडली असेल तर बडतर्फी. कृती तीच, नुकसान तेवढंच, पण मनात काय होतं त्यावर माणसाची भाकरी ठरते. हे वाचलं तेव्हा मला बरं वाटलं नव्हतं. मनात काय होतं हे बघणारा दुसराही एक कुणी आहे, अशा समजुतीत मी वाढले होते.

परीक्षेच्या आधी प्रत्येकानं एका कारखान्यात जाऊन काम बघायचं, त्यावर तोंडी परीक्षा. मला नागापूरचा हा कारखाना मिळाला. पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरले आणि पाय जागच्या जागी थांबले. लिंबाखाली नवा सिमेंटचा चौथरा, त्यावर काळी उभी शिळा, तेलानं चकाकणारी. मी पदर सारखा केला आणि लांबून वळसा घालून गेले. आमच्यात बायका चौथऱ्यावर चढत नसत. मागून कळलं, की गेल्या श्रावणात मशीनमध्ये एका मुलाची बोटं गेली, तेव्हा कामगारांनी शनिदेव बसवायची मागणी केली, आणि उत्तमरावांनी ती उचलून धरली. मनोबल वाढतं, म्हणाले. भालसिंग सरांनी तर वर्गात त्याचं उदाहरण दिलं, कामगार कल्याण म्हणजे नुसतं कँटीन नव्हे. पहिलं तेल घालायचा मान स्टोअरवरच्या आसारामला दिला होता, तो शिंगणापूरचा म्हणून.

तोच आसाराम आता उत्तमरावांच्या खोलीत अनवाणी उभा होता. चाळिशीचा, अंगानं काटक, पांढरी टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. स्टोअरमध्ये तांब्याच्या तारेची रिळं असायची, सगळ्या कारखान्यात तेवढीच चोरण्याजोगी वस्तू. मॅनेजर एका सकाळी लवकर आले आणि स्टोअरचं कुलूप कडीला नुसतंच लटकताना त्यांना दिसलं. चौकशीला नगरहून एक वकील बोलावले होते, वयस्कर, सर्दी झालेले. आसारामच्या बाजूनं बोलायला युनियनचा पुंजाराम होता, गोल तोंडाचा, सतत काही तरी चघळणारा.

वकिलांनी नाक पुसून विचारलं, "किल्ली तुमच्याकडेच असते?"

"व्हय साहेब."

"त्या दिवशी कुलूप लावलं होतं?"

"न्हाई."

"विसरलात?"

आसारामनं तोंड उघडायच्या आत पुंजाराम पुढे सरकला. "विसरला आसंल साहेब. घरी म्हातारी आजारी हाय, डोकं ठिकाण्यावर न्हाई बिचाऱ्याचं."

"तुम्हाला विचारलेलं नाही. म्हातारीला पण विचारलेलं नाही," वकील म्हणाले. "आसाराम, तुम्ही बोला."

"विसरलो न्हाई, साहेब. देव बसल्यापून मी कुलूप लावतच न्हाई."

उत्तमरावांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"म्हणजे श्रावणापासून?" वकिलांनी विचारलं.

"व्हय. आदी लावत हुतो. आदी ह्ये नगर हुतं, हितं कुलूप चालतंय. पर तुमीच देव आनला. आता ही त्याची शीव झाली. त्याच्या शिवंत कुलूप कसं लावायचं?" मग, जसं काही वकिलांना धीर देत, म्हणाला, "येक तुकडा गेला न्हाई तारंचा. मोजून घ्या."

"मेला आता," पुंजाराम माझ्या कानाशी पुटपुटला.

त्या खोलीत आसाराम जे बोलला ते कळणारी मी एकटी होते, आणि त्यानं माझ्याकडे बघू नये म्हणून मी मनात विनवण्या करत होते. तो जर म्हणाला, ही पोरगी आमच्या गावची हाय, हिला इचारा, तर मी काय सांगणार होते? कुलूप लावायला हवं होतं असं म्हटलं तर त्या शिळेसमोर म्हणावं लागणार होतं. ती खिडकीतून सरळ दिसत होती. लावायला नको होतं असं म्हटलं तर मी कसली अधिकारी होणार? आणि मी स्वतः एका संध्याकाळी कडी घातली होती. ते त्या शिळेला ठाऊक होतं.

उत्तमराव एकदम हसून म्हणाले, "वकीलसाहेब, आधी चहा घेऊ. सर्दीला बरा." वकिलांनी त्यांच्याकडे पाहिलं, पेनाचं टोपण लावलं आणि रुमाल काढला. मला तेव्हा समजलं की अजून काहीच लिहिलेलं नाही. आसारामला बाहेर थांबायला सांगून उत्तमरावांनी मला व्हरांड्यात घेतलं.

"चांगुणा, तू शिंगणापूरची ना?"

"सोनईची," मी म्हटलं.

"भालसिंग सरांनी सांगितलंय मला. सोनई राहू दे." ते हळू बोलत होते, पण त्यांच्या कपाळावरची शीर दिसत होती. "हे बघ, देव मी आणला. देवापायी माणूस घालवला असं झालं तर उद्या फाटकावर काय होईल तुला कळतंय. आणि त्याला ठेवायचा तर तो विसरला पाहिजे. एक शब्द. तुझं ऐकेल तो. समजाव त्याला. तुझी तोंडी परीक्षा समज."

त्यांच्या दृष्टीनं ते अगदी सरळ काम होतं. मी व्हरांड्याच्या तीन-चार पायऱ्या उतरले. ऊन डोळ्यांवर आलं. कुठल्याशा शेडमध्ये लेथ फिरत होता आणि त्याची घरघर माझ्या दातांत उतरत होती. लहानपणी दुपारी चौथऱ्याजवळून जायची वेळ आली की मी श्वास धरून पळायची, पळताना वाटायचं की मागून आपलं नाव कुणी तरी घेणार. आता पळता येत नव्हतं. आसाराम लिंबाखाली, चौथऱ्यापासून हातभर अंतरावर उकिडवा बसला होता. मी आणखी लांब उभी राहिले.

"ये की जवळ," तो म्हणाला. "तू रंगनाथाची न्हवं? पयल्या दिवशीच वळखली मी. डोळा कसा हाय त्याचा?"

सगळं सोडून त्यानं तेच विचारलं होतं.

"फूल पडलंय, तात्या."

"लई वाईट झालं," तो म्हणाला.

मी त्याला सांगितलं. कायदा काय आहे, विसरणं म्हणजे काय, ठरवून करणं म्हणजे काय. गावच्या बोलीत सांगत होते आणि माझाच आवाज मला परका वाटत होता. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"म्हंजी खरं बोललो तर घालवत्यात, आन खोटं बोललो तर ठिवत्यात?"

"व्हय."

"ह्ये कालेजात शिकिवत्यात?"

"व्हय, तात्या."

"फी घिऊन?"

मला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. तो हसला नाही. त्यानं गुडघ्यावर हात ठेवून शिळेकडे पाहिलं. "घरी खाणारी तोंडं हायेत पोरी. आवंदा रानात कुसळ न्हाई उगवलं. नोकरी गेली तर खडी फोडाया जावं लागंल, मला कळतंय की. पर ह्येच्या म्होरं कसं बोलू? त्या खिडकीतनं समदं दिसतंय त्याला."

तेव्हा मी जे बोलले ते कुठून आलं, मला आजही सांगता येत नाही. "मी खिडकी लावते, तात्या. दार पण लावते. कडी घालते. त्याला ऐकू न्हाई जायचं."

लेथ थांबला का मला तसं वाटलं, कुणास ठाऊक. आसारामनं माझ्याकडे पाहिलं. शिंगणापूरच्या पोरीनं देवाच्या तोंडावर कडी घालायची गोष्ट काढली होती. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. भीती होती, आणि ती स्वतःसाठी नव्हती, माझ्यासाठी होती. ती बघितली आणि मी हात पदराखाली घेतले.

"ही तुझी परीक्षा हाय का?" त्यानं विचारलं.

"व्हय."

"नापास झाली तर?"

"दादा घरी न्हेतील. लग्न."

तो बराच वेळ जमिनीवर काडीनं रेघा ओढत राहिला. ओठ हलत होते, पण शब्द ऐकू आले नाहीत. मग उठला, टोपी नीट केली, म्हणाला, "कडी-बिडी नगं घालू. चल."

आत गेल्यावर मी खिडकीला हात लावला नाही. दार होतं तसंच राहिलं. वकिलांनी कप बाजूला सारला, टोपण काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून विचारलं. कुलूप लावलं होतं? न्हाई. का? आसाराम खिडकीकडे तोंड करून उभा होता. "विसरलो साहेब," तो म्हणाला. आवाज स्पष्ट होता, बाहेर फाटकापर्यंत जाईल एवढा. वकिलांनी लिहिलं. पुंजारामनं चघळत होता ते गिळून टाकलं. ताकीद मिळाली, नोकरी राहिली. त्या संध्याकाळी आसारामनं स्टोअरला कुलूप घातलं. मी व्हरांड्यातून बघत होते. घालून झाल्यावर त्यानं ते दोनदा ओढून पाहिलं, कुणीही स्टोअरवाला पाहील तसं.

पुढचे सगळे दिवस मी वाट बघत होते. कसली, ते स्वतःशीसुद्धा म्हणत नव्हते. कारखान्यात गेले की आधी आसारामचे डोळे बघायची, मग हात, मग चालणं. एकदा तो पायाला चिंधी बांधून आला तर मी दिवसभर जेवले नाही. खिळा लागला होता, चार दिवसांत बरा झाला. वसतिगृहात साळू अडसर घालायची आणि मी अंधारात मोजत राहायची की तो चांगला आहे, दादांचा दुसरा डोळा चांगला आहे, मग ते कुणावर यायचं आहे? भालसिंग सरांनी तोंडी परीक्षेत तोच प्रसंग सांगायला लावला. मी सांगितला. आसारामची शंका सांगितली, शीव सांगितली. कडीचं बोलले ते गाळलं. सर खूश झाले. "याला म्हणतात समुपदेशन," ते बाहेरून आलेल्या परीक्षकांना म्हणाले. मी पहिल्या वर्गात पास झाले. निकाल ऐकून दादा एका डोळ्यानं हसले.

भालसिंग सर पुढे प्राचार्य झाले, निवृत्तीनंतर श्रीरामपूरकडे ऊस लावून राहिले आणि तिथेच वारले. उत्तमराव दोन वर्षांत पुण्याला मोठ्या कंपनीत गेले. त्यांनीच मला त्यांच्या हाताखाली नोकरी दिली, त्यामुळे माझं लग्न उशिरा झालं आणि माझ्या मनासारखं झालं. शेवटी शेवटी ते कुणाला ओळखत नसत. पुंजाराम नगरपालिकेला उभा राहिला, पडला, पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला, आणि त्यावरून स्वतःच विनोद करत म्हातारा झाला. साळू राजूरच्या शाळेत शिक्षिका झाली. तिच्या तेराव्याला मी गेले होते. कारखाना बंद पडला, जागा कुणी तरी घेतली. शिळा तिथेच आहे, तिच्यावर आता छप्पर आहे. दादा नव्वदीपर्यंत जगले, दुसरा डोळा शेवटपर्यंत शाबूत.

आसाराम तात्या स्टोअरकीपर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाला पुंजारामनं मला पुण्याहून मुद्दाम बोलावलं. नारळ, शाल, भाषणं झाली. पुंजारामनं त्या चौकशीची गोष्ट रंगवून सांगितली, वकिलांच्या सर्दीसकट. लोक हसून हसून बेजार झाले. मग कुणी तरी ओरडलं, "तात्या, देवाला भ्याला न्हाई का तवा?" तात्या उठले, माझ्याकडे बोट केलं आणि मिस्किलपणे म्हणाले, "म्या कशाला भेऊ? लिंबाखालीच त्याला सांगून ठिवलं हुतं, बाबा, ह्ये खोटं माझं न्हाई, ह्या रंगनाथाच्या पोरीच्या नावावर घाल." पुन्हा सगळे हसले. मीही हसले. नंतर चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. खरंच तसं म्हणाला होता का तात्या, की आज गंमत केली, असं विचारायचं होतं. ते नातवाला पेढा भरवत होते. मला बघून म्हणाले, "बरी हायेस ना पोरी?" आणि ते इतक्या काळजीनं म्हणाले, की माझ्यानं पुढे विचारवलं नाही.

तात्या चार वर्षांमागे झोपेतच गेले. दुखणं नाही, खुपणं नाही. त्या सभेतली माझ्या ओळखीची माणसंही एकेक करून गेली, पुंजाराम गेल्या आषाढात. ते वाक्य लक्षात असलेली आता मीच उरले आहे. मी, आणि ज्याला ते सांगितलं होतं तो.